जाण ठेवण्याचा सण

दिवाळी चार दिवसांवर आली की नाशिकच्या रविवार कारंजापासून भद्रकालीपर्यंत पाय ठेवायला जागा उरत नाही. पणत्या, रांगोळीचे रंग, बोळकी, लाह्या-बत्तासे आणि झेंडूच्या राशी यांच्या गर्दीत एखाद्या कडेला शिंदीच्या पानांच्या केरसुण्यांचा ढीग मांडून कुणी बाई बसलेली असते. घरात प्लॅस्टिकचा झाडू असो की व्हॅक्यूम क्लीनर, लक्ष्मीपूजनासाठी केरसुणी घेतलीच जाते. गिऱ्हाईकही तिला केरसुणी म्हणत नाही. ‘लक्ष्मी केवढ्याला?’ असे विचारते. संध्याकाळी याच केरसुणीला हळदकुंकू वाहिले जाते आणि सोन्याचे दागिने, हिशेबाच्या वह्या यांच्या पंक्तीत तिला मानाची जागा मिळते.

वर्षभर जी दाराआड उभी असते, पाहुणे आले की जी आधी दृष्टीआड केली जाते, तिला हा मान कशासाठी? स्वच्छ घरात लक्ष्मी वास करते, हे उत्तर आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. ते खरेही आहे. मात्र त्याच्या तळाशी आणखी एक साधी गोष्ट आहे. ज्या वस्तूवाचून घराचा एक दिवस निघत नाही आणि जिच्याकडे एक दिवसही लक्ष जात नाही, तिच्याकडे वर्षातून एकदा थांबून पाहावे, एवढाच त्या हळदकुंकवाचा अर्थ असावा. आपले बहुतेक कौटुंबिक सण या थांबण्यासाठीच बेतलेले दिसतात.

शब्दातला भार

मराठी माणूस घरात आभार मानत नाही. जेवण झाल्यावर मुलाने ‘आई, मी तुझा आभारी आहे’ असे म्हटले, तर ती माउली आधी त्याच्या कपाळाला हात लावून ताप पाहील! ‘आभारप्रदर्शन’ हा आपल्याकडे समारंभाचा शेवटचा भाग असतो आणि तो सुरू होताच श्रोते चपला शोधू लागतात. यावरून आपण कृतघ्न आहोत, असा निष्कर्ष कुणी काढील तर ती चूक ठरेल.

‘आभार’ या शब्दातच भार दिसतो. म्हणूनच उपकारातून ‘उतराई’ व्हायचे असते. म्हणजे तो भार खांद्यावरून खाली उतरवायचा असतो. घरच्या माणसांमध्ये असा भार मानायचा नसतो, ही आपली जुनी समजूत. त्याऐवजी आपण दुसरा शब्द वापरतो: जाण. ‘त्याने केलेल्याची जाण ठेव’ असे वडीलधारी माणसे सांगत. संस्कृतातील ‘कृतज्ञ’ शब्दाचा अर्थही नेमका हाच आहे. ‘कृत’ म्हणजे जे केले गेले ते आणि ‘ज्ञ’ म्हणजे जाणणारा. आपल्यासाठी कुणी काय केले हे ज्याला ठाऊक आहे, तो कृतज्ञ. उलट, झालेले कार्य मनातून पुसून टाकतो, तो कृतघ्न. तेव्हा कृतज्ञतेत भावनेच्या आधी माहिती येते. हे कुणी केले, कसे केले, त्याला काय सोसावे लागले, हे ठाऊक नसेल तर मन कितीही भरून आले तरी ती कृतज्ञता अर्धवटच राहते.

जिथे जू घासते, तिथे लोणी

ही जाण कशी असावी, याचा नमुना पाहायचा असेल तर दिवाळीच्या आधी येणाऱ्या पोळ्याकडे पाहावे लागेल. नाशिक जिल्ह्यातील गावांमध्ये श्रावण अमावस्येला बैलपोळा होतो. त्याच्या आदल्या संध्याकाळी खांदेमळणीची रीत आहे. बैलाला धुऊनपुसून त्याच्या खांद्याला हळद आणि लोणी किंवा तूप चोळले जाते व दुसऱ्या दिवशी जेवायला येण्याचे आवतण त्याला दिले जाते. शिंगांना रंग, पाठीवर झूल, गळ्यात घुंगरमाळा ही दुसऱ्या दिवशीची शोभा झाली. आदल्या दिवशीचा हात मात्र थेट खांद्यावर जातो. कारण वर्षभर जू तिथेच घासलेले असते. उपकारकर्त्याला नेमके कुठे दुखले आहे, हे त्या हाताला ठाऊक असते.

ट्रॅक्टर आल्यापासून गोठ्यातले बैल कमी झाले. ज्यांच्याकडे बैल नाहीत, ती घरे मातीच्या बैलजोडीची पूजा करतात. वस्तू बदलली तरी रीत टिकली आहे, ही समाधानाची बाब. पण मातीच्या बैलाचा खांदा कधी दुखत नाही, हेही लक्षात ठेवायला हवे.

सहा दिवस, सहा धडे

दिवाळीतील एकेक दिवस या दृष्टीने पाहिला, तर त्याची मांडणी किती विचारपूर्वक झाली आहे, हे ध्यानात येते.

आश्विन वद्य द्वादशीला, म्हणजे वसुबारसेला, सवत्स गाईची पूजा होते. त्या दिवशी व्रत करणाऱ्या स्त्रिया दूध आणि दुधाचे पदार्थ खात नाहीत. गहू-मूगही वर्ज्य करतात आणि बाजरीची भाकरी व गवारीच्या शेंगांची भाजी खाऊन उपवास सोडतात. वर्षभर वासराच्या तोंडचे दूध आपण घेतले, आज एक दिवस ते घेणार नाही, असाच या नियमाचा अर्थ लागतो. येथे कृतज्ञता हात जोडून थांबत नाही. ती स्वतःच्या ताटातले काही कमी करते.

धनत्रयोदशीला धन्वंतरीचे स्मरण होते आणि धने-गुळाचा प्रसाद वाटला जातो. धनाच्या पूजेत धन्याचे दाणे यावेत, यात केवळ शब्दांचा खेळ नाही. कोठारात धान्य आणि अंगात आरोग्य असेल तरच तिजोरीला अर्थ आहे, ही शेतकरी समाजाची समज त्यात आहे. त्याच संध्याकाळी यमासाठी दक्षिणेकडे तोंड करून दिवा लावला जातो. आज घरातली सगळी माणसे सोबत आहेत, ही गोष्ट गृहीत धरण्याजोगी नाही, हे तो दिवा न बोलता सांगतो.

नरकचतुर्दशीला पहाटेचे अभ्यंगस्नान. ज्या देहाकडून वर्षभर राबवून घेतले, त्याला त्या दिवशी तेल आणि उटणे मिळते. अमावस्येला लक्ष्मीपूजनात केरसुणी येते आणि अनेक घरांत मीठही विकत घेतले जाते. झाडू आणि मीठ, दोन्ही स्वस्त, दोन्ही अटळ.

पाडव्याला, म्हणजे बलिप्रतिपदेला, पत्नी पतीला ओवाळते आणि तो तिला ओवाळणी घालतो. शेतकऱ्यांचा राजा मानल्या गेलेल्या बळीचे राज्य पुन्हा यावे, अशी इच्छा या दिवशी घरोघरच्या तोंडी असते. नाशिकचा पाडवा आणखी एका गोष्टीसाठी ओळखला जातो. दुधाचा व्यवसाय करणारी मंडळी आपले रेडे धुऊन, रंगवून, मोरपिसांनी सजवून त्यांची वाजतगाजत मिरवणूक काढतात. एरवी रेडा हा शब्द आपण शिवीसारखा वापरतो. पाडव्याला मात्र त्याला फुलांच्या माळा घातल्या जातात. भाऊबीजेला बहीण भावाला ओवाळते आणि जे नाते रक्ताने मिळाले, ते पुन्हा एकदा मनाने मान्य केले जाते.

गाय, धान्य, देह, केरसुणी, रेडा, भावंड. यात अपूर्व असे काहीच नाही. रोजच्या जगण्यातले जे इतके सवयीचे झाले की दिसेनासे झाले, त्याचीच ही यादी आहे.

चौथे ऋण

या विचाराला परंपरेचाही आधार आहे. माणूस जन्मतःच देव, ऋषी आणि पितर यांचा ऋणी असतो, असे तैत्तिरीय संहितेत म्हटले आहे. देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण ही नावे बहुतेकांनी ऐकलेली असतात. शतपथ ब्राह्मणाने त्यात चौथ्या ऋणाची भर घातली, ती फारशी सांगितली जात नाही. ते मनुष्यऋण. आपल्यासारख्याच माणसांचे आपल्यावर ऋण असते आणि आलेल्याला आसरा व अन्न देऊन ते फेडायचे असते.

ज्ञानेश्वरांनी १२९० साली नेवासे येथे ज्ञानेश्वरी पूर्ण केली, तेव्हा शेवटी पसायदान मागितले. एवढा मोठा ग्रंथ सिद्धीस गेल्यावर गुरूंपुढे हात पसरून त्यांनी मागितले ते सर्वांसाठी. ज्यांचे थोरले बंधू आणि गुरू निवृत्तिनाथ आपल्या त्र्यंबकेश्वरी समाधिस्थ आहेत, त्या ज्ञानेश्वरांनी मिळालेल्याची जाण अशी व्यक्त केली की, तिचा लाभ स्वतःपुरता राहिलाच नाही.

जगाचा अनुभव

कृतज्ञतेसाठी दिवस राखून ठेवणारे आपण एकटे नाही. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलेले असताना १८६३ साली अध्यक्ष लिंकन यांनी राष्ट्रीय आभारदिनाची घोषणा केली. १९४१ मध्ये कायद्याने नोव्हेंबरचा चौथा गुरुवार त्यासाठी निश्चित झाला. या दिवशी दूरदूरची मुले घरी परततात आणि कुटुंब एका टेबलाभोवती जेवते. अमेरिकेतील अनेक मराठी घरांत दिवाळीचे उरलेसुरले फराळाचे डबे आणि ही सुट्टी जवळजवळ हातात हात घालून येतात. मात्र त्या भूमीच्या मूळ रहिवाशांपैकी काही जण १९७० पासून हाच दिवस प्लिमथ येथे शोकदिन म्हणून पाळतात. सुगीबद्दल आभार मानताना ती जमीन कुणाची होती याची जाण राहिली नाही, हा त्यांचा आक्षेप आहे.

जपानने याबाबत वेगळी वाट धरली. तेथे २३ नोव्हेंबरला पूर्वापार नव्या पिकाचा विधी होत असे. १९४८ मध्ये त्याच तारखेला श्रमाबद्दल कृतज्ञता व्यक्त करणारी सार्वजनिक सुट्टी ठरवण्यात आली. पिकाकडून पीक काढणाऱ्या हातांकडे नजर वळवणारा हा बदल महत्त्वाचा म्हणावा लागेल.

मानसशास्त्रानेही या विषयाची दखल घेतली आहे. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅक्कलो या अमेरिकी संशोधकांचा २००३ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास त्यासाठी ओळखला जातो. त्यांच्या एका प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी दहा आठवडे, आठवड्यातून एकदा, ज्यांबद्दल कृतज्ञ वाटते अशा पाचपर्यंत गोष्टी लिहिल्या. दुसऱ्या गटाने त्रासदायक गोष्टी लिहिल्या. पहिल्या गटाला आपले आयुष्य अधिक समाधानकारक वाटले आणि त्यांच्या प्रकृतीच्या तक्रारीही कमी होत्या. पुढील अभ्यासांत हा परिणाम माफक असल्याचे दिसले, तेव्हा त्याला रामबाण उपाय समजण्याचे कारण नाही. तरी जे आहे ते मोजावे, ही आजीची शिकवण अगदीच भाबडी नव्हती, एवढे खचित म्हणता येईल.

हात दिसेनासे झाले

मग अडचण कुठे आहे? सण आहेत, रीती आहेत, हळदकुंकू आहे. पण गावात ज्या गोष्टी डोळ्यांसमोर घडत, त्या शहरात भिंतीपलीकडे गेल्या. नळ, पिशवी आणि बटण एवढेच आपल्या हाती उरले.

अभ्यंगस्नानाचे पाणी घ्या. ब्रह्मगिरीवर उगम पावणारी गोदावरी गंगापूर धरणात अडते आणि तेथून नाशिकच्या घरांत येते. या धरणाखाली कुणाच्या तरी जमिनी गेल्या. ज्या त्र्यंबकेश्वर आणि पेठ परिसरात आभाळ फाटल्यासारखा पाऊस पडतो, त्याच परिसरातील अनेक पाड्यांवरच्या स्त्रिया उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी डोंगर उतरतात. उटणे लावून दुसरी बादली ओतताना हे आठवावे म्हणजे सणाचा आनंद कमी होतो असे नाही. ती बादली किती मोलाची आहे, हे कळते.

द्राक्षांचेही तसेच. जिल्ह्याची जगभर ओळख असलेल्या या फळाची गोड्या बहराची छाटणी नेमकी दिवाळीच्या मागेपुढे येते. छाटणी, काडीच्या डोळ्यांना पेस्ट लावणे, पुढे घडांची विरळणी ही सगळी कामे हाताची. पेठ, सुरगाण्यातून आलेली कुटुंबे त्या दिवसांत निफाड, दिंडोरीच्या बागांमध्ये राबत असतात. आपल्या ताटातला घड असा कुणाच्या तरी दिवाळीतून आलेला असतो.

आणि रोज सकाळी दारात येणारी घंटागाडी? घरोघर जाऊन कचरा गोळा करण्याची ही पद्धत नाशिककरांच्या इतकी अंगवळणी पडली आहे की, ती एक दिवस आली नाही तरच तिच्याबद्दल बोलणे होते. वृत्तपत्राचेही असेच आहे. दिवाळीत कचेरीला सुट्टी असल्याने एक दिवस अंक निघत नाही. त्या सकाळी दार उघडून रिकाम्या उंबऱ्याकडे पाहणाऱ्या वाचकाला, एरवी पाच वाजता थंडीत सायकल हाकत येणारा मुलगा कदाचित प्रथमच आठवत असेल. मिळते तेव्हा दिसत नाही आणि थांबते तेव्हा जाणवते, असे रोजच्या सुखाचे स्वरूपच आहे.

पोस्त की हक्क?

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. जुन्या गावगाड्यात बलुतेदारांना सुगीत धान्याचा वाटा मिळे, सणाला ताट मिळे. त्याकडे हळवेपणाने पाहण्याची आपल्याला सवय आहे. पण त्या ताटासोबत जातीची जागाही ठरलेली असे. केरसुणीला लक्ष्मी म्हणणाऱ्या समाजाने ती वळणाऱ्या मातंग समाजाला मात्र गावाबाहेर ठेवले. याच नाशकात २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिर सत्याग्रह सुरू करावा लागला. महार वतनाच्या जोखडाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे मंडळात विधेयक मांडले होते. कनिष्ठ गाव वतने रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडले. वस्तूची पूजा आणि माणसाची अवहेलना एकाच अंगणात सुखाने नांदू शकतात, हा आपला इतिहास आहे.

म्हणून दिवाळीची पोस्त देताना ती कृपा आहे की जाण, हे स्वतःला विचारावे. कामगारांच्या बाबतीत हा प्रवास कायद्याने केला. पूर्वी मालकाच्या मर्जीवर असणाऱ्या बोनसला १९६५ च्या कायद्याने हक्काचे रूप दिले. पुढे किमान बोनस ८.३३ टक्के ठरला, म्हणजे वर्षाच्या वेतनाचा बारावा हिस्सा. सोप्या भाषेत सांगायचे तर तेरावा पगार. घरकाम करणाऱ्या स्त्रियांसाठी महाराष्ट्राने २००८ मध्ये कल्याण मंडळाचा कायदा केला. तरी आपल्या घरी भांडी घासणाऱ्या बाईंची भरपगारी सुट्टी, आजारपण, वेळेवर मोबदला या गोष्टी शेवटी आपल्याच सुजाणपणावर अवलंबून राहतात. शिळ्या फराळाच्या पुड्याने त्यांची फेड होत नाही. सुट्टी देऊन, नाव घेऊन, न मागता दोन पैसे वाढवून ती काही अंशी होऊ शकते.

घरातला खांदा

हे सारे लिहिताना प्रस्तुत लेखकाला स्वतःच्या घरातली एक दिवाळी आठवते. काही वर्षांपूर्वी वसुबारसेच्या आधी आठवडाभर आईचे उजवे मनगट मोडले. हात प्लॅस्टरमध्ये. फराळ विकत आणावा, असे सर्वांनी ठरवले. ‘थोडं तरी घरचं हवं’ म्हणून वडील, भाऊ आणि मी स्वयंपाकघरात उतरलो. आई पाटावर बसून सांगत होती.

अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजवायचे आणि रोज पाणी बदलायचे, हे त्या वेळी समजले. चकलीच्या भाजणीत मोहन जास्त झाले तर ती तेलात विरघळते आणि कमी झाले तर दगड होते, हेही समजले. आमच्या करंज्यांनी तळणीत तोंडे उघडली. रात्री साडेअकराला ओटा पुसून झाला तेव्हा माझी पाठ ताठ झाली होती आणि डब्यात जेमतेम एका ताटाचा फराळ होता. आई गेली तीसेक वर्षे, नोकरी सांभाळून, डबे भरून फराळ करीत आली होती. तो चांगला झाला की आम्ही ‘यंदा चकली मस्त’ म्हणत असू. म्हणजे आमची दाद चकलीला होती.

पाडव्याला तिच्याजवळ बसून काहीतरी बोलावे असे फार वाटले. शब्द सापडेनात. ‘आई, हे सगळं तू एकटी कसं करत होतीस?’ एवढेच तोंडून निघाले. ती हसून म्हणाली, ‘कळलं ना? मग झालं तर.’ पुढच्या वर्षापासून आमच्याकडे चकलीचा सोऱ्या वडिलांच्या हाती गेला तो आजतागायत त्यांच्याकडेच आहे.

‘कळलं ना?’ या दोन शब्दांत आईने कृतज्ञ शब्दाची फोड करून दिली होती, असे आता वाटते. खांदेमळणीचा हात बैलाच्या खांद्यावर नेमका पडतो, कारण धन्याने स्वतः औत हाकलेले असते. ज्याने ते काम कधी जवळून पाहिले नाही, त्याच्या हातातले लोणी शिंगालाच लागायचे.

यंदा लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी केरसुणीला हळदकुंकू वाहताना घरातल्या मुलांना दोन प्रश्न अवश्य विचारावेत. ही कुणी वळली असेल? आणि आपल्या घरात ती रोज कोण हातात घेते? पहिल्या प्रश्नाचे उत्तर मुलांना बहुधा येणार नाही. त्यासाठी पुढच्या खेपेस त्यांना बाजारात सोबत न्यावे आणि केरसुणीवाल्या बाईंशी भाव न करता दोन शब्द बोलावे. दुसऱ्याचे उत्तर त्यांना चटकन येईल. ते आले की दुसऱ्या दिवशी सकाळी केरसुणी कुणाच्या हाती द्यायची, हे सांगावे लागू नये.